मूर्च्छित आईचा देह: एका चित्रातील शोक आणि धर्मप्रतीके कशी वाचावीत

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील एका चित्रात दहा माणसे आहेत. त्यांपैकी एक मृत आहे, एक बेशुद्ध पडली आहे आणि उरलेली आठ जण त्या दोघांना किंवा स्वतःला सावरण्यात गुंतली आहेत. चित्राचा विषय ख्रिस्ताचे शव क्रुसावरून खाली उतरवण्याचा आहे. रोगिअर व्हान डर वायडन या चित्रकाराने ते १४३५ च्या सुमारास आजच्या बेल्जियममध्ये, ओकच्या फळ्यांवर तैलरंगांत रंगवले. उंची सुमारे दोन मीटर आणि रुंदी अडीच मीटरहून थोडी अधिक असल्यामुळे त्यातील माणसे जवळजवळ आपल्या मापाची वाटतात. ख्रिस्ती परंपरेत न वाढलेल्या माणसालाही हे चित्र पाहताक्षणी गलबलून येते. मात्र त्यातील शोक नेमका कशाविषयी काही सांगतो आहे हे समजण्यासाठी थोडी वाट चालावी लागते. हा लेख त्या वाटेपुरता आहे.

प्रथम कथा पाहू. ख्रिस्ताला क्रुसावर दिल्यानंतर अरिमथाईकर योसेफ नावाचा एक धनवान माणूस रोमी सुभेदार पिलाताकडे जातो आणि शव मागून घेतो. निकदेम नावाचा दुसरा अनुयायी गंधरस आणि अगरू घेऊन येतो. दोघे मिळून देह तागाच्या वस्त्रात गुंडाळतात आणि कबरीत ठेवतात. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रांत, या प्रसंगाला जेमतेम काही ओळी मिळाल्या आहेत, आणि त्या ओळींत ख्रिस्ताची आई मरिया कोठेही नाही. ती त्याआधी, मुलगा जिवंत असताना, क्रुसाजवळ असल्याचा उल्लेख योहानाच्या शुभवर्तमानात येतो, आणि तेथे तिच्यासाठी एकच क्रियापद आहे: ती उभी होती. चित्रातील मरिया मात्र उभी नाही. तिचा देह कोसळला आहे, चेहरा पांढराफटक पडला आहे, आणि येशूचा तरुण शिष्य योहान व हिरव्या वस्त्रातील एक स्त्री तिला जमिनीवर आपटू न देण्याची पराकाष्ठा करत आहेत. धर्मग्रंथाचा शब्द एक आणि चित्रातील देह दुसराच, ही विसंगती लक्षात घेतली की चित्राचे दार उघडते.

ती विसंगती समजण्याआधी शांतपणे नुसते पाहावे. ज्यांना माद्रिदला जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हे चित्र बरेच मोठे करून पाहण्याची सोय आहे, आणि या चित्राच्या बाबतीत तिचा लाभ घ्यायलाच हवा. डाव्या टोकाला एक स्त्री रुमालाने चेहरा झाकून रडते आहे. उजव्या टोकाला येशूची अनुयायी मग्दालीया मरिया हात एकमेकांत गुंफून, कोपरे मुडपून, कमरेत अशी वळली आहे की दुःखाने तिला पिळून काढले असावे. डावीकडे वाकलेला योहान आणि उजवीकडे वाकलेली मग्दालीया हे दोघे मजकुराला घातलेल्या कंसांसारखे दिसतात. त्यांच्या पलीकडे नजर जाऊच शकत नाही. मागे आकाश नाही, डोंगर नाही, यरुशलेम नगरीही नाही. आहे तो फक्त सोनेरी सपाट पडदा, आणि त्याच्यापुढे एखाद्या कोनाड्याएवढी उथळ जागा. त्या काळी वेदीच्या मागे लाकडात कोरून रंगवलेल्या मूर्तींचे कोनाडे असत. चित्रकाराने त्यांचेच रूप घेतले आहे. फरक इतकाच की या मूर्तींना श्वास आहे, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहते आहे.

त्या पाण्याविषयी थोडे थांबून सांगायला हवे. रोगिअर आणि त्याच्या आधीच्या पिढीतील चित्रकारांनी जवसाच्या तेलात रंग खलून ते पांढऱ्या खडूच्या अस्तरावर पातळ, पारदर्शक थरांत लावण्याचे तंत्र फार उंचीवर नेले होते. प्रकाश त्या थरांतून आत शिरतो, अस्तरावर आपटून परत येतो, आणि त्यामुळे रंग आतून उजळल्यासारखा दिसतो. अश्रू रंगवताना चित्रकाराने त्वचेचा रंग खाली तसाच ठेवला आहे, थेंबाच्या कडेला सावलीची अत्यंत बारीक रेघ दिली आहे आणि एका ठिकाणी पांढऱ्या रंगाचा ठिपका टेकवला आहे. एवढ्यावर तो थेंब गोल होतो, ओला होतो, आणि आता घसरेल असे वाटते. आश्चर्य म्हणजे इतके अश्रू असूनही चित्रात आवाज नाही. इटलीतील पादुआ येथे जोत्तोने १३०५ च्या सुमारास याच कथेतील पुढचा प्रसंग, म्हणजे उतरवलेल्या देहाभोवतीचा विलाप, रंगवला. तेथे योहान दोन्ही हात मागे फेकून आक्रोश करतो आणि आकाशातील देवदूतही ऊर फाटल्यासारखे रडतात. रोगिअरच्या चित्रात कोणी हंबरडा फोडत नाही, कोणी ऊर बडवत नाही, कोणी दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहत नाही. प्रत्येक जण एकमेकांना चिकटून उभा आहे आणि तरीही आपापल्या दुःखात एकटा आहे. घरात मृत्यू झाल्यावर पहिला आकांत ओसरून जी एक बधिर शांतता पसरते ती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ही गोष्ट कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडील रसशास्त्राने सात्त्विक भाव, म्हणजे भावनेमुळे शरीरावर आपोआप उमटणारी लक्षणे, आठ मानले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. रोगिअरला भरतमुनी ठाऊक असण्याचा अर्थातच प्रश्न नाही, आणि एका परंपरेचे मोजमाप दुसरीला लावताना सावध राहावे हेही खरे. परंतु हे शब्द हाताशी असले की चित्रकाराने शोकाच्या छटा किती विचारपूर्वक वाटून दिल्या आहेत ते पटकन दिसते. डावीकडच्या स्त्रीकडे अश्रू आहेत. शव धरणाऱ्या पुरुषांकडे स्तंभ, म्हणजे थिजणे, आहे, कारण त्यांच्या हातांत काम आहे आणि काम करणाऱ्या माणसाला कोसळण्याची मुभा नसते. मरियेच्या वाट्याला वैवर्ण्य आणि प्रलय, म्हणजे रंग उडणे आणि शुद्ध हरपणे, हे शेवटचे टोक आले आहे. अश्रू तिच्याही गालावर आहेत, पण ते शुद्ध हरपण्याआधीचे आहेत.

आता त्या विसंगतीकडे वळू. ख्रिस्ताचा देह आणि मरियेचा देह एकत्र पाहिले, तर दोघांची ठेवण एकसारखी असल्याचे दिसते. डोके डावीकडे कललेले, धड तिरपे घसरलेले, पाय उजवीकडे गेलेले आणि हात निर्जीवपणे खाली लोंबणारे. आईचा देह हा मुलाच्या देहाचा जणू प्रतिध्वनी आहे. हा योगायोग नाही, आणि केवळ रचनेच्या सौंदर्यासाठी केलेली जुळवाजुळवही नाही. मध्ययुगीन लॅटिनमध्ये यासाठी ‘कोम्पासिओ’ असा शब्द होता. त्यातील दोन घटकांचा अर्थ ‘सोबत’ आणि ‘भोगणे’ असा आहे. मराठीत ‘सहवेदना’ हा शब्द त्याच्या अगदी जवळ जातो, आणि ‘अनुकंपा’ या रोजच्या वापरात झिजलेल्या शब्दाचा मूळ अर्थही दुसऱ्याच्या मागोमाग थरथरणे असाच आहे. त्या काळच्या भक्तांची धारणा अशी होती की मुलाच्या शरीराने जे सोसले ते सर्व आईने मनाने सोसले, आणि म्हणून त्याच्या मृत्यूबरोबर तीही एका अर्थाने मेली. येशू तान्हा असताना वृद्ध शिमोनाने मरियेला सांगितले होते की तुझ्याही जिवातून तलवार आरपार जाईल. लूकच्या शुभवर्तमानातील हे वाक्य या धारणेचा आधार होते. ही धारणा शब्दांत सांगायची तर प्रवचन लागते. रोगिअरने ती दोन देह समांतर ठेवून सांगितली.

या मूर्च्छेमागे आणखी एक विचार आहे, आणि मला तो या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो. ख्रिस्ती परंपरेनुसार मरियेने येशूला प्रसूतिवेदनांशिवाय जन्म दिला. बाराव्या शतकातील डॉइट्झचा रूपर्ट याच्यासारख्या धर्मपंडितांनी असे मांडले की बेथलेहेमात टळलेल्या त्या कळा तिला क्रुसापाशी आल्या, आणि त्या कळांमधून ती सर्व श्रद्धावंतांची आई झाली. या दृष्टीने पाहिले तर चित्रातील कोसळलेली स्त्री एकाच वेळी शोक करणारी आई आणि प्रसववेदना सोसणारी माता ठरते, आणि दोन्ही बाजूंनी तिला धरणारी माणसे सुइणीसारखी दिसू लागतात. चित्रकाराच्या मनात हे नेमके असेलच असा दावा मी करणार नाही. परंतु त्या काळच्या धर्मशिक्षित प्रेक्षकाच्या मनात हा विचार येणे अगदी स्वाभाविक होते.

अर्थात सर्वांनाच ही मूर्च्छा मान्य नव्हती. चौथ्या शतकातील संत अँब्रोझने म्हणून ठेवले होते की ती उभी होती असे मी वाचतो, ती रडली असे वाचत नाही. १५०६ मध्ये, म्हणजे हे चित्र रंगवल्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, मरियेच्या मूर्च्छेचा स्वतंत्र सण सुरू करावा अशी मागणी रोममध्ये झाली. तेव्हा पुढे कार्डिनल झालेल्या काजेतान या धर्मपंडिताने तिला स्पष्ट विरोध केला. त्याचा मुद्दा साधा होता: ग्रंथ ‘उभी’ म्हणतो, आणि शुद्ध हरपलेली स्त्री मुलाच्या वेदनेत जाणीवपूर्वक सहभागी कशी होणार? हा प्रश्न नुसता पंडिती नाही. दुःख खरे असेल तर माणूस कोसळायला हवा, की दुःख पूर्ण सोसायचे असेल तर उभे राहायला हवे, असा तो वाद आहे, आणि तो चर्चच्या भिंतींबाहेरही कोठेही होऊ शकतो. पुढे धर्मसुधारणेच्या काळात चर्चचा कल काजेतानच्या बाजूला झुकला. गंमत अशी की त्याच काळात स्पेनचा कट्टर कॅथलिक राजा दुसरा फिलिप याने मूर्च्छित मरियेचे हे चित्र आपल्या एस्कोरियाल मठात मोठ्या अभिमानाने ठेवले होते.

प्रतीकांकडे आपण आता येत आहोत, आणि हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. पुष्कळदा धार्मिक चित्र समजावताना आधी कवटी म्हणजे हे, निळा म्हणजे ते, अशी कोष्टके हाती दिली जातात आणि मग पाहणारा चित्र सोडून कोष्टक पाहू लागतो. या चित्रातील खरी प्रतीके शोकाच्या वाटेवरच पडलेली आहेत. मरियेचा एक हात जमिनीपर्यंत लोंबला आहे, आणि त्याच्याजवळ, डाव्या कोपऱ्यात, एक कवटी पडली आहे. क्रूस जेथे रोवला त्या टेकडीचे नाव गुलगुथा, म्हणजे कवटीची जागा. पहिला मानव आदाम याच जागी पुरला होता अशी जुनी आख्यायिका आहे, आणि त्यामुळे क्रुसाखालची कवटी ही आदामाची मानली जाते. आदामाच्या अवज्ञेने मृत्यू जगात आला, ख्रिस्ताच्या आज्ञापालनाने तो जिंकला गेला. पहिली स्त्री हव्वा हिने जे गमावले ते मरियेने परत मिळवून दिले, अशी ही जोडी आहे. म्हणून ख्रिस्त हा नवा आदाम आणि मरिया ही नवी हव्वा. आता चित्राच्या मध्यभागी पाहावे: ख्रिस्ताचा खिळ्याने भोसकलेला हात आणि मरियेचा दुसरा हात एकमेकांच्या अगदी जवळ लोंबत आहेत, पण ते एकमेकांना शिवत नाहीत. शव धरणाऱ्यांपैकी एका पुरुषाची नजर या दोन हातांवरून थेट त्या कवटीकडे जाते, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्या पुरुषांपैकी योसेफ कोणता आणि निकदेम कोणता यावर मात्र त्यांचे एकमत नाही.

मरियेचे वस्त्र निळे आहे. तो निळा लाजवर्द या खड्यापासून काढलेला आहे, आणि लाजवर्द तेव्हा अफगाणिस्तानातील बदखशानच्या खाणींतून व्हेनिसमार्गे युरोपात जात असे. रंगांमध्ये त्याची गणना सर्वांत महागड्यांत होई, म्हणून तो स्वर्गाच्या राणीसाठी राखून ठेवला जाई. इथे तो महागडा निळा धुळीत लोळतो आहे. उजवीकडे भरजरी पोशाखातील धनवानाच्या मागे एक माणूस कुपी घेऊन उभा आहे. ती सुगंधी लेपाची असून मग्दालीयेची ओळख म्हणून चित्रांत येत असे. मग्दालीयेच्या कमरपट्ट्यावर येशू आणि मरिया ही नावे आहेत. पाहणाऱ्याला त्या दोघांना वेगळे काढता येऊ नये अशीच ही योजना दिसते.

मात्र प्रत्येक वस्तू प्रतीक असते असे नाही, आणि येथे अनेक हौशी टीकाकार घसरतात. चित्राच्या वरच्या कोपऱ्यांतील सोनेरी जाळीकामात लहान लहान क्रॉसबो, म्हणजे दांड्यावर आडवे बसवलेले आणि चाप ओढून सोडायचे धनुष्य, कोरल्यासारखे रंगवलेले आहेत. त्यांचा क्रुसावरील मृत्यूशी काहीही संबंध नाही. लुवेन शहरातील क्रॉसबोधारी संघाने आपल्या प्रार्थनामंदिरासाठी हे चित्र करून घेतले होते, आणि देणगीदाराची ही खूण आहे. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर किंवा घंटेवर देणाऱ्याचे नाव कोरतात तशी. ख्रिस्ताच्या वाकलेल्या देहातही ताणलेल्या धनुष्याचा आकार आहे असे काहींना वाटते. तसे दिसते हे खरे; पण दिसणे आणि असणे यांत फरक करण्यासाठी मी दोनच कसोट्या वापरतो. तो अर्थ त्या काळच्या ग्रंथात किंवा रूढीत सापडतो का, आणि चित्र स्वतः आपली नजर तिकडे नेते का? कवटी दोन्ही कसोट्यांना उतरते. धनुष्याकृती देह दुसरीला उतरेल कदाचित, पहिलीला उतरवणे अवघड आहे. पायांजवळ उगवलेल्या रोपट्यांचे अर्थ लावत बसण्यापेक्षा ती रोपटी म्हणून पाहिलेली बरी.

या चित्रातील सर्वांत धाडसी गोष्ट प्रतीकांच्या कोणत्याही कोष्टकात सापडणार नाही, कारण ती चूक वाटावी अशी आहे. मागचा क्रूस नीट पाहिला तर त्याचे आडवे हात इतके आखूड आहेत की त्यांवर ख्रिस्ताचे पसरलेले हात मावलेच नसते. मरियेच्या वस्त्राखालील एका पायाची लांबी मोजली तर ती अशक्य ठरते. तो पाय ताणून लांबवला आहे, कारण त्याच्या आणि वस्त्राच्या आड क्रुसाचा खांब आणि शिडीचा एक दांडा जमिनीला कोठे टेकतात हे झाकायचे आहे. तेवढ्याशा उथळ कोनाड्यात शिडीवरचा तरुण, क्रूस, शव, शव धरणारे आणि त्यांच्यापुढे मरिया असे एकापाठोपाठ थर खरे तर बसणारच नाहीत. ते बसवण्यासाठी चित्रकाराने ठिकठिकाणी अवकाशाची फसवणूक केली आहे आणि जोड सापडू नयेत म्हणून कापडाच्या चुण्या वापरल्या आहेत. पाहणाऱ्याला ही लबाडी जाणवत नाही. त्याला फक्त जागा अपुरी आहे, माणसे दाटली आहेत, आणि या गर्दीतून बाहेर पडायला वाट नाही, एवढेच जाणवते. ही घुसमट म्हणजे शोकाचा थेट अनुभव आहे. प्रत्येक अश्रू इतक्या सचोटीने रंगवणाऱ्या माणसाने शरीराच्या मापांत बिनदिक्कत खोटे बोलावे, यातच त्याला काय महत्त्वाचे वाटत होते ते कळते.

मूळ जागेवर या चित्राचा आणखी एक अर्थ लागत असे, जो संग्रहालयात हरवतो. ते वेदीच्या वर होते, आणि वेदीवर मिस्साविधीत धर्मगुरू भाकर उंच धरून ‘हे माझे शरीर आहे’ हे ख्रिस्ताचे शब्द उच्चारत असे. त्याच्या मागे, त्याच क्षणी, ख्रिस्ताचे शरीर खाली, वेदीच्या दिशेने, उतरताना दिसे. उतरवण्याची ही क्रिया चित्रात अर्ध्यावर थांबलेली आहे. शव क्रुसावर नाही आणि जमिनीवरही नाही. गुडघे टेकून बसलेल्या लुवेनच्या भाविकाला ते आपल्याच हाती सोपवले जात आहे असे वाटणे साहजिक होते. पुढे १५४८ च्या सुमारास नेदरलँड्सची कारभारीण हंगेरीची मेरी हिने हे चित्र मिळवले, आणि संघाला त्याबदल्यात मिखिल कॉक्सी या चित्रकाराने केलेली प्रतिकृती आणि एक ऑर्गन दिला. तिच्याकडून ते तिचा भाचा फिलिप याच्याकडे आणि त्याच्या मठात गेले, आणि १९३९ पासून ते प्रादोमध्ये आहे.

मराठी भाषकांपैकी ज्यांनी गोव्यात गुड फ्रायडे पाहिला आहे, त्यांना हा प्रसंग चित्राविनाही ओळखीचा वाटेल. तेथील अनेक गावांत त्या दिवशी ख्रिस्ताची मूर्ती क्रुसावरून विधिपूर्वक उतरवतात. अशा मूर्तींचे हात खांद्यात फिरतील असे केलेले असतात, म्हणजे खिळे काढल्यावर ते खरोखरच्या हातांसारखे खाली पडतात. मग ती मूर्ती झोपवून मिरवणूक निघते, आणि तिच्यामागून काळ्या किंवा जांभळ्या वस्त्रातील दुःखी मातेची मूर्ती येते. काजेतानच्या वादाची त्या गावकऱ्यांना माहिती असण्याचे कारण नाही. पण खांद्यांवर चाललेली ती आई उभी असते.